सखाराम बोळाचा एकेरी उल्लेख

सांगतो, पण मध्ये घाई करायची नाही. माझं बोलणं हळू आहे. मी वाक्याला सुरुवात करतो तोवर समोरच्याचा चहा संपतो, हे मला मान्य आहे. पण या प्रकरणात माझी जी शोभा झाली ना, ती भरभर सांगितली तर तुम्हाला खोटी वाटेल. मला स्वतःलाच अजून खरी वाटत नाही!

पेठेत एका बोळाच्या तोंडाशी माझं इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक इस्त्री आणि डोक्यावर पत्रा. शिक्षण चौथीपर्यंत. चौथीतही गुरुजी म्हणायचे, "शंकर, तुझं उत्तर बरोबर आहे, पण तास संपला."

एक गोष्ट मात्र लोक माझ्याबद्दल चांगली बोलतात. मी कोणाला अरे-तुरे करत नाही. लहान मुलाला 'अहो बाळ'. दुकानापुढे कुत्रं झोपलं तर 'अहो, जरा सरकता का?' लग्नानंतर आमच्या मंडळींना मी पहिल्यांदा 'अहो' म्हटलं, तेव्हा त्यांनी दचकून मागे पाहिलं. त्यांना वाटलं, सासूबाई आल्या!

अशा माणसावर आरोप कसला यावा? एकेरीचा! ऐका आता.

आमच्या बोळाला सखाराम बोळ म्हणतात. वळत वळत आत गेलं की शेवटी नानांचं घर लागतं आणि तिथेच बोळ संपतो. पूर्वी नानांच्या घरी तेलाचा घाणा होता. घाणा कधीच बंद झाला, पण नानांनी पिळायचं काम चालू ठेवलंय. सदऱ्याची घडी जरा वाकडी दिसली की म्हणणार, "शंकरराव, इस्त्री गरम होती ना? की नुसती ओळख करून दिलीत?"

त्यांच्या पत्नी माई अगदी उलट. रोज दुपारी माझ्यासाठी आल्याचा चहा यायचा तो त्यांच्याकडूनच. त्या माईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. व्यायामासाठी त्यांना एक दिवसाआड एका केंद्रात न्यायचं, आणि न्यायला केंद्राचीच छोटी गाडी. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोळातल्या उचकटलेल्या फरश्यांवरून चालायचं नाही. गाडी दारापर्यंत आली पाहिजे.

आणि गाडी येईना! म्हणजे निघायची, पण सापडायचा नाही तो बोळ. ड्रायव्हर प्रवीण, वर्ध्याकडचा, पुण्यात नवा. त्याच्या मोबाईलच्या नकाशात आमचा बोळच नव्हता. पहिल्या दिवशी तो बुधवार पेठेत एका रेडिओवाल्याच्या दुकानासमोर उभा राहून फोन करत होता, "काका, इकडं तर नुसते स्पीकर दिसून राहिले!" आणि इकडे माई लुगडं नेसून, पिशवी घेऊन, खुर्चीत तयार बसलेल्या.

मला फार वाईट वाटलं. आमच्या सूनबाई, मृणाल, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. रविवारी त्या आणि त्यांच्या ओळखीची मंडळी नकाशा काढतात. सगळ्यांनी मिळून काढायचा आणि सगळ्यांनी फुकट वापरायचा, असा तो नकाशा आहे. माईंना नेणाऱ्या गाडीतही तोच, असं प्रवीणकडून कळलं.

मी म्हटलं, "सूनबाई, आपला बोळ त्यात घालता येईल?"

"येईल की. तुम्हीच घाला बाबा. पण आधी नियम ऐकायचे."

मग त्यांनी मला नियम वाचून दाखवले. मी पोथी ऐकावी तसे हात जोडून ऐकले. जे प्रत्यक्ष आहे तेच लिहा. दुसऱ्या नकाशावरून उतरवू नका. दुसऱ्याचं काम पुसण्याआधी त्याच्याशी बोला. कोणाची खासगी माहिती घालू नका. प्रत्येक बदल का केला, ते एका ओळीत लिहा. आणि सगळ्यांशी आदराने वागा. हा शेवटचा नियम मला इतका आवडला, की तो मी पुन्हा वाचायला लावला.

"आणि बाबा, वारंवार सांगूनही जे ऐकत नाहीत त्यांना ब्लॉक देतात," सूनबाई म्हणाल्या. म्हणजे त्या 'ब्लॉक करतात' म्हणाल्या असतील, मला 'देतात' ऐकू आलं. मी चकितच झालो. आयुष्य आम्ही दीड खोलीत काढलं, आणि इथे न ऐकणाऱ्यांना ब्लॉक!

असो. त्यांनी फोन मराठीत करून दिला. माझं नाव 'इस्त्रीवाले' असं घातलं. मी बोटाने रेघ ओढली, नानांच्या दारापासून माझ्या दुकानापर्यंत. मोठ्या माणसाच्या घरापासून सुरुवात करावी, एवढाच विचार. नाव लिहिलं, सखाराम बोळ. का केलं? तर लिहिलं, 'माईंच्या गुडघ्यासाठी.'

"बाबा, खासगी माहिती!"

मग ते खोडून लिहिलं, 'एका गुडघ्यासाठी.'

तेवढ्यात सूनबाईंना ऑफिसचा फोन आला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. इथे घात झाला! कारण खाली अजून एक चौकोन शिल्लक होता. त्यात एकच शब्द होता, 'एकेरी', आणि त्याच्यापुढे 'हो' आणि 'नाही'.

मला तर भरून आलं. केवढा सभ्य नकाशा! ज्या माणसाचं नाव बोळाला आहे, त्याला लोक मानाने हाक मारतात की एकेरीत, याचीसुद्धा चौकशी!

मी विचार केला. सखाराम म्हणजे नानांचे आजोबा किंवा पणजोबा असणार. लोक काय म्हणतात? नुसतं 'सखाराम बोळ' म्हणतात. सखारामराव कोणी म्हणत नाही. वाईट आहे, पण जे आहे तेच लिहायचं, नियम आहे. मी जड मनाने 'हो' दाबलं.

तुम्ही आत्ताच का हसताय?

दोन-तीन दिवसांनी दुकानात फोन वाजला. 'पायवाट' नावाच्या कोणा सभ्य गृहस्थांचा निरोप होता. मी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं.

'नमस्कार इस्त्रीवाले, नकाशात आपलं स्वागत. आपण सखाराम बोळ एकेरी केला आहे. ते बरोबर वाटत नाही. कृपया खात्री करून दुरुस्त करावं.'

मी! मी सखारामांना एकेरी केलं! आयुष्यभर कुत्र्याला अहो म्हणणारा मी, आणि परक्या माणसाने मला लेखी कळवावं, की आपण एका वडीलधाऱ्या माणसाला एकेरी केलंत? डोळ्यांपुढे अंधारी आली. नाकात काहीतरी जळका वास आला. मला वाटलं, लाजेने मीच जळतोय. पाहतो तर इस्त्री नानांच्या सदऱ्यावर तशीच उभी! पाठीवर खरपूस होडी उमटली होती.

सूनबाईंना सांगायची लाज वाटली. त्यांनी मला स्वतःच्या हमीवर त्या मंडळीत नेलं होतं ना! मी गुपचूप दुरुस्ती करायची ठरवली. टाइप करायला वेळ लागतो म्हणून फोनला तोंडी सांगायला गेलो. पण माझ्या दोन शब्दांमधल्या जागेत फोन झोपतो. 'चूक' म्हणेपर्यंत ठीक होतं, 'झाली' म्हणायला गेलो तर तो बंद. शेवटी बोटानेच लिहिलं. नाव केलं, 'श्री. सखारामराव बोळ'. कारण, 'आदर लावला. क्षमा असावी.'

दुसऱ्या दिवशी उत्तर. 'आपण नाव का बदललं? नावाला अडचण नव्हती. लोक म्हणतात तेच नाव ठेवावं. एकेरी मात्र अजून तसंच आहे.'

अजून तसंच! म्हणजे 'राव' एवढ्याने भागलं नाही. केवढा मोठा माणूस असेल हा सखाराम, आणि मला पत्ता नाही! मी नाव केलं, 'श्रीमंत सखारामपंत बोळ'. मग वाटलं, माणूस हयात नाही, तेही आलं पाहिजे. 'कै.' असं अर्धवट कशाला लिहा? आदर करायचा तर पूर्ण करावा. 'कैलासवासी ह.भ.प. श्रीमंत सखारामपंतसाहेब बोळ'. लिहिता लिहिता दुपार गेली.

इकडे दुसरंच चाललं होतं. बोळ नकाशात आला, तशी प्रवीणची गाडी बिनचूक माझ्या दुकानापर्यंत येऊ लागली. पण आत जाईना! माई वॉकर घेऊन, नानांच्या आधाराने, त्या उचकटलेल्या फरश्यांवरून सबंध बोळ चालत बाहेर यायच्या. माझ्या समोरून. दर पावलाला त्यांचा चेहरा पिळवटायचा, आणि मी दिसलो की त्या हसायच्या. ते हसणं मला बघवत नव्हतं.

मी प्रवीणला म्हटलं, "अहो प्रवीणराव, बोळ घातलाय मी नकाशात. जा ना आत!"

"काका, बोळ दिसून राहिला ना. पण मोबाईल आत जाऊ देत नाही. नाहीच म्हणते."

"मोबाईल नाही म्हणतो म्हणून काय झालं?"

"मागच्या हप्त्यात मोबाईलचं ऐकलं नाही, तर पोलिसानं पावती फाडली. आता मी मायपेक्षा त्याचं जास्त ऐकतो." मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. "अन् हे पाहा, हे नाव रोज लांब होऊन राहिलं. काल रावसाहेब होता, आज स्क्रीनमधी मावत नाही. कोण होते हो हे?"

मी मान खाली घातली. "फार मोठे होते," म्हटलं.

नाना शेजारीच उभे होते. म्हणाले, "प्रवीण, तुमच्या मोबाईलला माझा नमस्कार सांगा. म्हणावं, सवड मिळाली तर आमच्या घरी या एकदा."

संध्याकाळी पायवाट यांचा तिसरा निरोप. 'काका (काका म्हटलं तर चालेल ना?), मी आपला बदल पुसत नाही, आधी बोलावं असा इथला नियम आहे. पण आपण एकेरी केल्यामुळे लोकांना त्रास होतो आहे. कृपया दुहेरी करा.'

लोकांना त्रास! माझ्या एका शब्दाने! रात्री जेवण गेलं नाही. आणि दुहेरी म्हणजे काय? एकेरी म्हणजे अरे-तुरे. मग दुहेरी म्हणजे अहो-जाहोच्याही वरचं काहीतरी असणार. विचार करून करून मी त्या सगळ्या नावाच्या आधी दोनदा 'श्री' लावला. श्री श्री. झालं दुहेरी!

आता जे सांगतो, ते नीट ऐका.

परवाची गोष्ट. माई व्यायाम करून गाडीतून परत येत होत्या. मागे त्या, शेजारी नाना. पुढे प्रवीण, आणि त्याचा तो बोलणारा मोबाईल. पेठेत वळताना मोबाईलमधली बाई नेहमीच्या गोड आवाजात बोलायला लागली, "थोड्याच वेळात आपण श्री श्री कैलासवासी..."

आणि नाव फार लांब असल्यामुळे म्हणा, किंवा त्याच वेळी कोणाचा तरी फोन आला म्हणून म्हणा, बाई तिथेच थांबली!

विचार करा हो! नव्या गुडघ्याची बाई, व्यायामाने दमलेली, आणि गाडी तिला सांगते, थोड्याच वेळात आपण कैलासवासी! माईंनी नानांचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? डॉक्टरांनी आपल्यापासून काही लपवलंय का?"

गाडी माझ्या दुकानाशी थांबली तेव्हा माईंचा चेहरा पांढराफटक, प्रवीण रडवेला आणि नाना... नाना गप्प! नाना गप्प आहेत म्हणजे घाणा जोरात फिरतोय, हे सगळ्या पेठेला माहीत आहे.

"शंकरराव," ते म्हणाले, "या मोबाईलमध्ये आमच्या मंडळींना कैलासवासी कोणी केलं, काही कल्पना?"

माझ्या हातातून पाणी शिंपडायचा डबा पडला. मी तोंड उघडलं. पण तुम्हाला माझं बोलणं माहीत आहे. "नाना... ते... माई नाहीत... माई नाहीत..."

"माई नाहीत?" नाना ओरडले. "ही काय बसलीये!"

"म्हणजे... माई नव्हेत... सखारामपंत!"

देवासारख्या सूनबाई त्याच वेळी ऑफिसातून आल्या. मी त्यांच्यापुढे फोन धरला, सगळे निरोप दाखवले आणि म्हटलं, "सूनबाई, तुमचं नाव मी घालवलं. मी थोरामोठ्यांना एकेरीवर आणलं. पाहिजे तर मला ब्लॉक द्या."

त्यांनी पहिला निरोप वाचला. दुसरा वाचला. नावाची वाढ पाहिली. मग फोनवर काहीतरी दाबून पाहिलं आणि दुकानाचा खांब धरून त्या खालीच बसल्या. मला वाटलं, यांनाही चक्कर आली. पण त्या हसत होत्या. आवाज फुटत नव्हता इतक्या हसत होत्या.

"बाबा! अहो बाबा! एकेरी म्हणजे वन-वे!"

"काय?"

"एकेरी वाहतूक! तुम्ही बोळ वन-वे केलात. आणि रेघ ओढलीत नानांच्या घराकडून बाहेर. म्हणजे गाड्यांना आत जायला बंदी! आणि पुढे तर बोळच बंद. म्हणजे या बोळात नुसतं बाहेर पडता येतं, आत कोणाला जाताच येत नाही!"

मी मटकन स्टुलावर बसलो. म्हणजे माई त्या फरश्यांवरून चालल्या, तो त्यांचा पिळवटलेला चेहरा, ते सगळं माझ्या एका बोटाने? ज्या गुडघ्यासाठी केलं, त्याच गुडघ्याच्या मी वाटेत उभा राहिलो? डोळे भरून आले.

सूनबाईंनी तिथल्या तिथे 'हो'चं 'नाही' केलं. श्री श्री, कैलासवासी, ह.भ.प., सगळी आभूषणं उतरवली आणि पुन्हा नुसता 'सखाराम बोळ' ठेवला. पायवाट यांना आभाराचा निरोप धाडला. थोडं थांबलो आम्ही. मग प्रवीणने मोबाईल पाहिला आणि एकदम ओरडला, "हो म्हणून राहिला काका! हो म्हणून राहिला!"

गाडी बोळात शिरली. मी मागून चालत गेलो. प्रत्येक वळणावर वाटे, आता अडते, मग अडते. पण ती गेली. थेट नानांच्या पायरीला टेकली. माईंनी गाडीतून पाय काढला तो सरळ पायरीवरच ठेवला. एकाही फरशीला लागला नाही. इतकं हलकं वाटलं मला, काय सांगू!

पण मन खात होतंच. मी पुढे झालो, नानांपुढे हात जोडले.

"नाना, माईंची माफी मागायला मला तोंड नाही. पण तुमच्या वाडवडिलांचीही मागतो. लोक त्यांना नुसतं सखाराम म्हणतात, हे मी जगापुढे 'हो' दाबून कबूल केलं. मग राव लावलं, पंत लावलं, तरी मनाचं समाधान होत नव्हतं. त्यांचा आत्मा..."

"कोणाचा आत्मा?" नाना म्हणाले.

"सखारामपंतांचा. आपल्या आजोबांचा."

नाना माझ्याकडे बघतच राहिले. दारात वॉकर धरून उभ्या असलेल्या माई मात्र अशा काही हसू लागल्या की प्रवीणने धावत जाऊन त्यांना धरलं.

"अहो भाऊजी!" त्या म्हणाल्या. "सखाराम म्हणजे आमच्या घाण्याचा बैल हो!"

"बैल?"

"बैल! आजेसासऱ्यांचं घरमालकाशी पटायचं नाही. मालकाचं नाव सखाराम. म्हणून बैलाचं नाव सखाराम ठेवलं. सकाळ-संध्याकाळ नाव घेऊन हाणता यायचं!"

बैलाला मी श्रीमंत केलं! बैलाला ह.भ.प. केलं! घाण्याभोवती फिरण्यात जन्म गेलेल्या जनावराला दोनदा श्री लावून, त्याच्या आदरापायी रात्री उपाशी झोपलो!

"नाना," मी कसंबसं म्हटलं, "एवढं बैलासाठी..."

नानांनी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"असू द्या, शंकरराव," ते म्हणाले. "सखाराम गेल्यापासून या बोळात बैल नव्हता. आज कसं भरल्यासारखं वाटलं."